बेबीताईंची चक्की आणि शेषरावांचा आक्षेप

मी बेबीताईंची आटाचक्की बोलतेय. जरा मोठ्यानं बोलते. हळू बोलणं मला जमतच नाही.

जन्म माझा गुजरातेतल्या कारखान्यात, पण संसार सगळा हिंदी मुलुखातल्या भिलाईत. बेबीताईंचे यजमान भाऊराव तिथल्या स्टील प्लांटमध्ये क्लार्क होते. रिटायर झाल्यावर त्यांनी पावर हाउस भागातल्या बाजारातून मला आणलं आणि घराच्या पुढच्या खोलीत बसवलं. साडेसात हॉर्सपॉवरची मोटर, दोन दगड, पीठ पडायला कापडी सोंड. वर्षभरातच भाऊराव गेले. तेव्हापासून बेबीताईंचं घर माझ्यावर चालतं.

गल्लीतल्या बायका डबा ठेवून घरी जात नाहीत. गव्हाला लागतात पाच मिनिटं, बातम्यांना अर्धा तास. कुणाची सून माहेरी का गेली, हे तिच्या नवऱ्याआधी मला कळतं.

भिंतीपलीकडे शेषराव राहतात. प्लांटमध्ये भाऊरावांच्या शेजारच्या टेबलावर बसून पस्तीस वर्षं त्यांनी फक्त पत्रांचे मसुदे लिहिले. आता दुपारी झोपतात. म्हणजे झोपायला बघतात. मी सुरू झाले की त्यांच्या कपबशा नाचतात.

"वहिनी, पलंग हालून राहिला माहा!" ते ओरडायचे.

"पलंगाखाली वीट लावा जी," ताई सांगायच्या.

मग शहराचा नवा नकाशा निघाला. घरं कुठे, दुकानं कुठे, कारखाने कुठे, याचे जुने नियम तपासून नवे करायचे होते. मसुदा लागला, लोकांकडून आक्षेप मागवले. नकाशात आमची गल्ली पिवळी होती. पिवळी म्हणजे फक्त राहायची. इतका सुंदर रंग शेषरावांनी जन्मात पाहिला नसेल! त्यांनी शुद्ध हिंदीत तीन पानी आक्षेप लिहिला की ही चक्की इथून हटवावी.

काही दिवसांनी ताईंच्या हातात नोटीस आली. लेखी उत्तर द्या, नाहीतर चक्की उचला. 'भू-उपयोग', 'अननुज्ञेय'... असल्या शब्दांपेक्षा खडे दळणं सोपं. ताईंनी त्या दिवशी मला सुरूच केलं नाही. माझ्या झाकणावर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. मग उठल्या आणि नोटीस घेऊन थेट शेषरावांकडे गेल्या. असलं लिहिणारा गल्लीत दुसरा होताच कोण? मी बंद होते, म्हणून भिंतीपलीकडचं सगळं ऐकू आलं.

"तुमच्यापायी आली. उत्तरही तुमीच लिहून द्या."

"अवो वहिनी, आक्षेप माहा आहे न! माह्याच विरुद्ध मी लिहू?"

"मंग राहू द्या. तो झेरॉक्सवाला प्रवीण लिहून देतो म्हणे, मोबाइलमध्ये पाहून."

शेषरावांचा आवाज एकदम चढला. "प्रवीण? त्याले 'सविनय' धड लिहिता येत नाही. आणा इकडे!"

दोन दिवस ते लिहीत होते. मधे टेप घेऊन आले, माझी लांबीरुंदी मोजली, डबेवाल्या बायकांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. किती घरं दळतात? दुसरी चक्की किती लांब? माझ्या अंगावर इतक्या बारकाईनं भाऊरावांनंतर कुणी नजर टाकली नव्हती.

पुढच्या आठवड्यात नकाशाच्या ऑफिसातून मॅडम पाहणीला आल्या. माझ्या झाकणावर त्यांनी आक्षेप आणि उत्तर, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्मा वर केला.

"ये आपत्ति और ये जवाब, दोनों की हैंडराइटिंग एक ही है?"

शेषराव ताठ झाले. "जी मैडम. आपत्ति मेरी, जवाब इनका. ड्राफ्टिंग दोनों अपनी."

"तो सही कौन सा है?"

शेषरावांनी ताईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ताईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं.

"जवाब ज़रा ज़्यादा मज़बूत बन गया, मैडम," ते पडेल आवाजात म्हणाले. "उसका तीसरा मुद्दा मुझसे भी नहीं कट रहा."

तिसरा मुद्दा असा होता: चाळीस घरांचं पीठ इथं दळलं जातं, आणि त्यात आक्षेप घेणाऱ्याचंही घर आहे.

नवे नियम छापून आले तेव्हा पिवळ्या गल्लीत घरगुती चक्कीला परवानगी होती. मोटर मात्र पाच हॉर्सपॉवरचीच, आणि दुपारी एक ते चार बंद. माझी जुनी मोटर काढली त्या दिवशी मला फार उणं वाटलं. आता गव्हाला नऊ मिनिटं लागतात. बायका मात्र खूश आहेत.

शेषरावांचं नाव पार कुम्हारी गावापर्यंत पोचलंय. लोक नोटिसा घेऊन येतात. माझ्याच ओट्यावर बसून शेषराव विचारतात, "बाजूनं लिहू का विरोधात?"

हे नियम काही वर्षांनी पुन्हा तपासणार म्हणे. शेषरावांना आताशा बारीक अक्षर दिसत नाही, लिहिताना हातही थरथरतो. म्हणून एकच विनंती आहे. तुमच्यापैकी कुणीतरी येऊन त्यांच्याजवळ बसा आणि ती सरकारी हिंदी शिकून घ्या. माझी बाजू मला चांगली बोलता येते हो, पण सरकार लेखी मागतं.