टाकीचं झाकण

तळ्याच्या मधोमध पोचल्यावर बोटीच्या इंजिनानं दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. बाबांचा हात पेट्रोलच्या टाकीकडे गेला.

"कालच भरलंय, बाबा," मुलगी म्हणाली. औषधांची पेटी मांडीवर सावरत तिनं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "सतरा मिनिटं. काल अठरा झाली होती."

तीन मेकॅनिक झाले होते. प्लग बदलला, कार्बोरेटर दोनदा धुतला, पेट्रोलची नळी नवी घातली. मेकॅनिकसमोर इंजिन असं गुणी वागायचं की तक्रार करणाऱ्यालाच लाज वाटावी. शेवटच्यानं तर हात टेकले होते. "काका, याला काही झालेलं नाही. तुम्हीच उगाच संशय घेताय."

चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला हे झोंबणारच. पण बाबांची खरी धास्ती वेगळी होती. मुलगी पलीकडच्या काठावर नर्स होती आणि दवाखान्यामागची खोली तिला मिळत होती. आजही इंजिनानं दगा दिला तर खोलीसाठी अर्ज द्यायचा, असं कालच ठरलं होतं. आई गेल्यापासून घरात दोघंच. ही पण गेली की संध्याकाळी कोणाची वाट पाहायची, हे त्यांना सुचत नव्हतं. म्हणून आज ते स्वतःच बोटीत येऊन बसले होते.

झाकण हलेना. त्यांनी रुमाल गुंडाळून जोर लावला. झाकण सैल होताच सुस्स असा आवाज झाला, आणि पाठोपाठ टाकीचा आत चेपलेला पत्रा टप्‌कन बाहेर आला.

बाबा जागच्या जागी थिजले.

"काय झालं?"

"थांब जरा. बोलू नकोस."

त्यांनी झाकण उजेडात धरलं. मधोमध गोंदाचा एक ठिपका होता; गुळगुळीत, कुठे बुडबुडा नाही की ओघळ नाही. असलं सफाईचं काम आसपास एकच माणूस करत होता. आत धूळ जाता कामा नये, ओल जाता कामा नये, हा त्यांचा जन्माचा धर्म. महिन्यापूर्वी बोट आणल्यावर त्यांना झाकणात बारीकसं भोक दिसलं होतं, आणि घड्याळाची काच चिकटवायच्या गोंदानं त्यांनी ते मोठ्या मायेनं बुजवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"हे मीच बुजवलंय," ते म्हणाले.

"कशाला?"

"पेट्रोलमध्ये पाणी जाऊ नये म्हणून. पेट्रोल जेवढं खाली उतरतं, तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती येत नव्हती, म्हणून पेट्रोलही उतरत नव्हतं. झाकण उघडलं की हवा आत, की पुन्हा सतरा मिनिटं."

"आणि तिघांनीही आधी झाकण उघडूनच पाहिलं असणार." ती खदखदून हसली. "उगाच तिघांना बदनाम केलंत की हो!"

तिनं साडीची पिन काढून दिली. बाबांनी गोंद टोकरला. भोक ते केवढं, दोरा ओवायलाही पुरलं नसतं. ते झाकणाकडे पाहत राहिले, मग त्यांनी मान वर केली. जिचं ओझं त्यांना सत्तर वर्षांत कधी जाणवलं नव्हतं, त्या हवेनं पत्रा आत चेपला होता. या तळ्यावर, डोंगरावर, दोघांच्या डोक्यावर ती एवढी थोरली हवा उभी होती, आणि या टिंबातून आत यायला मागत होती. त्यांच्या अंगावर काटा आला. आपण आयुष्यभर फक्त बंद करायलाच शिकलो, असं त्यांना वाटून गेलं.

पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. सतरा मिनिटं झाली, वीस झाली. मुलीनं घड्याळ पाहणं सोडून दिलं.

काठावर एक म्हातारी वाट पाहत उभी होती. "बाई, पहाटे सुनेला कळा सुटल्या तशी तुमच्या दवाखान्याचं दार बडवलं मी. मग ध्यानात आलं, तुम्ही तर तिकडे असता. चला लवकर, अजून मोकळी झाली नाही."

मुलगी उडी मारूनच उतरली आणि तिनं बोटीचा दोर खुंटीला अडकवला. उभ्या उभ्या पेटी उघडून तिनं काय आहे, काय नाही ते पाहिलं. म्हातारीनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं. निघताना मुलगी वळली.

"इंजिन झालं ना नीट? मग अर्ज राहू दे. संध्याकाळी न्यायला या."

"दे अर्ज," बाबा म्हणाले.

"अहो, पण आता तर..."

"नीट झालंय म्हणूनच म्हणतोय. आता मला तुला भेटायला येता येईल."

 मग खाली वाकून तिनं खुंटीचा दोर सोडला आणि त्यांच्या हातात दिला.