बारा भोकांचा चमत्कार

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर मखमली पडद्याआड शुद्धीबाबांचं यंत्र. डावीकडून रोग्याच्या लघवीची नळी आत जायची, बाबा डोळे मिटून पुटपुटायचे, उजवीकडून नळी बाहेर यायची. लघवीतली साखर तपासणारी पट्टी आधी हिरवी पडलेली असायची, आता निळीच राहायची.

"साखर गेली. आता सुई फेका, संशय फेका," बाबा म्हणायचे. आणि शहाणीसुरती माणसं खरंच फेकत होती. कोपऱ्यातली बादली सुयांनी भरली होती.

लॅबवाली ताई भावाशेजारी चेपून उभी होती. दादानं तीन दिवसांपूर्वी इन्सुलिन सोडलं होतं. ओठ सुकले होते, धाप लागली होती, तरी रांगेत आता पहिला नंबर त्याचा.

"दादा, पाया पडते, घरी चल."

"गप्प बस. चार बुकं जास्त शिकलीस म्हणून देवमाणसाची परीक्षा घेणार?"

दारं बंद होती. सोहळा संपेपर्यंत कुणाला बाहेर सोडत नव्हते.

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला: कुईं, टक. ताईनं आवाज ओळखला. हे यंत्र तिचं होतं. जुन्या प्रिंटरची मोटर आणि प्लायवूडची बारा भोकांची चकती. लॅबमधले नमुने आपोआप पुढं सरकावेत म्हणून तिनंच जुळवलेली. गरीब लॅबांना उपयोग व्हावा म्हणून यंत्राचा आराखडाही इंटरनेटवर फुकट टाकलेला; बाबांनी तोच उचलला होता. बोलावं तर लोक म्हणणार, हीच बाबाची साथीदार. न बोलावं तर दादा हातचा जाणार. इकडे आड, तिकडे विहीर.

तिनं पर्समधल्या कोऱ्या नळीत बाटलीतलं पाणी भरलं आणि दादाची पाळी येताच त्याच्या नळीऐवजी तीच मुठीत झाकून यंत्रात सोडली. कुईं, टक. उजवीकडून पिवळीधमक नळी आली.

"बाबा, मी पिण्याचं पाणी घातलं होतं. शुद्ध होऊन त्याची लघवी झाली?"

हशा पिकला. "पाण्यातच पाप होतं," बाबा पुटपुटले.

ताईनं पडदा ओढला. चकतीत रंगवलेल्या पाण्याच्या नळ्या ओळीनं तयार होत्या. लोकांच्या खऱ्या नळ्या मागं अडकून पडल्या होत्या. खरी आत, खोटी बाहेर, एवढाच चमत्कार.

"यंत्र माझं आहे," ती म्हणाली. "मी उघडं ठेवलं होतं. झाकलं यांनी."

दादा मटकन खाली बसला. "दवाखान्यात ने गं मला."

त्याला खांद्याशी धरून ती वळली, तर रांग आडवी. पुढच्या आजींनी तिच्यापुढं नळी धरली, हात जोडले. "यंत्र तुझं ना, माये? मग तूच कर माझी शुद्धी."

ताईला रडूच कोसळलं.

"आजी, हे फक्त नळी सरकवतं. साखर औषधानं आटोक्यात राहते. माझ्यावरही आंधळा विश्वास नको. नळीवर खूण करा, पडदा उघडायला लावा, मग माना. आता वाट सोडा, दार उघडा, माझा भाऊ हातचा चाललाय."