पातं बदलताना अबोला

आमच्या कारखान्यात एक मंत्र आहे. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली, पण पाटीवर मी कारखानाच लिहून घेतलंय. करवतीच्या मशीनचं पातं बदलायचं झालं, की आधी बायको प्लग उपसते, मुठीत धरते आणि मोठ्याने म्हणते, "प्लग माझ्या हातात." ते ऐकल्याशिवाय मी पान्याला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. मला तो अपमान वाटायचा. सुताराच्या पोटी जन्मलेल्या माणसाला प्लग काढायला राखणदार कशाला हवा?

त्या दिवशी आमचा अबोला होता. चूक माझी नव्हती, असं माझं मत होतं. पात्यावर राळ साचली होती, ते लाकूड कापायच्या ऐवजी जाळत होतं, म्हणून मी ते सोड्याच्या पाण्यात भिजत घातलं. पातं मोठं, तर भांडंही मोठं लागणार. हाताशी तिच्या आईने दिलेली परात होती. परातीवर काळे डाग पडले खरे, पण पातं लख्ख निघालं, आणि ते मी तिला कौतुकाने दाखवायला गेलो. हात दाखवून अवलक्षण!

इकडे शाळेच्या मोठ्या बाई संध्याकाळी कपाट न्यायला येणार होत्या, आणि मशीनवर तात्पुरतं चढवलेलं बोथट पातं फळीचे लचके तोडत होतं. ते बदलायला हवं होतं. त्यासाठी बायकोला हाक मारायची, म्हणजे आधी मी बोलायचं. छे! सुंभ जळेल, पीळ जाणार नाही.

ती दाराशी स्टुलावर बसून फळ्या घासत होती. तिला दिसेल अशा ऐटीत मी भिंतीपाशी गेलो, प्लग उपसला आणि टेबलावर डोळ्यांसमोर ठेवला. घ्या! मग पाना शोधला, जाड हातमोजे घातले, दात्यांत लाकडाचा तुकडा अडकवून नट सैल केला. लख्ख पातं चढवताना दात्यांची दिशा नीट बघितली. मागे एकदा उलटं बसवलं होतं, ती कथा बायको अजून पाहुण्यांना सांगते. नट आवळायला वाकलो, तेव्हा पोट कशाला तरी टेकलं. माझं पोट कुठे ना कुठे टेकतंच, मी लक्ष दिलं नाही.

काम झालं. अंगाला घामाच्या धारा. एवढं का उकडतंय म्हणून कोपऱ्यात पाहिलं, तर उभा पंखा बंद. टेबलावरच्या प्लगच्या वायरीवरून नजर फिरवत गेलो. ती थेट पंख्यापाशी पोचली.

मशीनचं बटण पाहिलं. चालू होतं. माझ्याच पोटाने दाबलं होतं. हातमोजे काढून मी बोटं मोजली. सगळी होती, तरी पुन्हा मोजली.

मग मशीनची वायर शोधली. ती भिंतीकडे जातच नव्हती, फरशीवरून स्टुलाकडे गेली होती. मी पाना शोधायला पाठ फिरवली, तेव्हाच तिने प्लग उपसला असणार. ती एका हाताने फळी घासत होती. दुसरी मूठ आवळलेली होती.

मला रडूच कोसळणार होतं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"अगं, पाणी देतेस?" एवढंच निघालं.

"आधी ते बटण बंद करा," ती मान वर न करता म्हणाली. "तोवर मी उठणार नाही. प्लग माझ्या हातात."