पहिल्या बेसमागची खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. अंगावर विटलेले हिरवे कापड, हातावर पेला ठेवायची जाळी आणि एक पाय किंचित वाकडा. मित्रांनो, मला पाहून कोणी भाळणार नाही, हे मला ठाऊक आहे.

नेब्रास्कातल्या एका छोट्या गावात रॉइसने मला मासे पकडायला जाताना लागेल म्हणून विकत घेतले. तळ्याकाठी मी भरपूर चिखल खाल्ला. मग त्याची मुलगी हॅटी पाच वर्षांची झाली, बेसबॉल खेळू लागली आणि मी मैदानावर आले.

एवढ्या लहानांच्या खेळात चेंडू कोणी टाकत नाही. तो रबरी खांबावर ठेवलेला असतो. तो मारायचा आणि पहिल्या बेसकडे, म्हणजे जमिनीवरच्या पहिल्या चौकोनी गादीकडे पळायचे; मग पुढच्या मुलांच्या फटक्यांवर दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरून सुरुवातीच्या जागी परतायचे. धावा कोणी मोजत नाही. निम्मी मुले माती उकरत असतात, उरलेली पिवळी फुले तोडत असतात. आईबाप कडेला खुर्च्या टाकून बसतात.

पहिल्याच सामन्यात रॉइसने मला तिसऱ्या बेसमागे मांडले होते. हॅटीने चेंडू मारला आणि ती थेट त्याच्या मांडीवर येऊन आदळली.

"अगं, उलट्या बाजूला आलीस की," रॉइस म्हणाला.

"मग तू इथे का बसलास?"

सगळे हसले. कोच व्हर्ना कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हिला दिशा शिकवण्यापेक्षा तुझी खुर्ची हलवणं सोपंय. ऊठ रॉइस, पहिल्या बेसमागे जाऊन बस."

तेव्हापासून माझी जागा ठरली. हॅटी आता नेमकी पहिल्या बेसवर यायची, पण तिथून पुढे हलायची नाही.

त्या उन्हाळ्यात रॉइस हलका होत चालला होता. माणसाचे वजन खुर्चीइतके कोणाला कळते? आधी तो मला खांद्यावर टाकून आणायचा. पुढे त्याची बायको मॅरिट मला एका हातात आणि त्याला दुसऱ्या हाताने धरून आणू लागली.

शेवटच्या सामन्यात हॅटीची पाळी सर्वांत शेवटी आली. शेवटच्या मुलाने सगळ्या बेसवरून फिरून यायचे, अशी तिथली पद्धत. हॅटी नेहमीप्रमाणे पहिल्या बेसवर थांबली.

"आज थांबायचं नाही," रॉइस म्हणाला. "पूर्ण फिरून ये."

"आणि तू निघून गेलास तर?"

"मी कुठे जातोय? खुर्ची इथेच आहे बघ."

हॅटी मान हलवून बेसवरच बसली.

"राहू दे, पुढच्या वर्षी पळेल," व्हर्ना म्हणाली. रॉइस हसला, पण त्याने माझा हात घट्ट धरला. "मला एकदा तिला पूर्ण फिरताना बघायचं होतं गं," तो मॅरिटला हळूच म्हणाला.

मक्याची कापणी संपायच्या आत रॉइस गेला.

मी गॅरेजमधल्या खिळ्याला लटकले. उंदरांनी माझी कड कुरतडली. एकदा मॅरिट आली, तिने माझ्यावर हात ठेवला आणि तशीच घरात परतली. मला फार वाईट वाटले.

वसंतात हॅटीच मला शोधत आली. "आई, खुर्ची घे."

"तिच्यात कोण बसणार गं?"

"कोणी नाही. पण ती तिथे लागते."

मॅरिटने मला पहिल्या बेसमागे मांडले आणि स्वतः बाजूला उभी राहिली. एका नव्या मुलाचे वडील आले. "रिकामी आहे का?"

"नाही," मॅरिट म्हणाली.

व्हर्नाने हॅटीची पाळी मुद्दाम शेवटी ठेवली होती. हॅटीने चेंडू मारला, पहिल्या बेसवर आली आणि थांबली. ती माझ्याकडे बघत राहिली. मला रडता आले असते तर मी रडले असते.

मग हॅटी वळली आणि पळत सुटली. दुसरा बेस, तिसरा, आणि सुरुवातीची जागा. मुलांनी टाळ्या द्यायला हात पुढे केले, पण ती थांबली नाही. धावत माझ्यापाशी आली आणि माझ्या कापडात तोंड खुपसून म्हणाली, "आले फिरून."

मॅरिट गवतात खाली बसली. तिने हॅटीच्या पाठीवर एक हात ठेवला आणि दुसरा माझ्यावर.

मित्रांनो, माझी कड मॅरिटने आता शिवली आहे. तुमच्या घरातली जुनी खुर्ची फेकण्याआधी तिच्यात कोण बसायचे ते विचारा. आणि कधी पहिल्या बेसमागे मी दिसले, तर कृपा करून माझ्यावर बसू नका. मी रिकामी नाही.