आचलची पहिली मासोळी

"उजवीकडे घे. एवढं नाई गा, थोडंसं." इस्तारीनं श्रीहरी सुताराला सकाळपासून तिसऱ्यांदा फळी हलवायला लावली होती. श्रीहरीच्या दातांत खिळा होता म्हणून बरं, नाहीतर इस्तारीला चार शब्द ऐकावे लागले असते.

फळी होती आचलच्या ट्रॉफीसाठी. इस्तारी ढिवराची ही पोरगी सहा फूट उंच. काल संध्याकाळी कुरखेड्याच्या एसटीतून उतरताना तिला दारात वाकावं लागलं आणि स्टँडवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. देशात नव्यानं निघालेल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये ती यंदा पहिल्यांदाच खेळली आणि मोसमातली सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली. चकचकीत काचेवर सोनेरी चेंडू, अशी ती ट्रॉफी. इस्तारीनं रात्री तीनदा उठून ती चादरीखाली आहे ना हे चाचपून पाहिलं होतं. तलावात जाळं टाकण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्या घरात जपून ठेवावं असं आजवर आलंच काय होतं?

तेवढ्यात लटारूभाऊ अंगणात आले. ढिवर मोहल्ल्यातले सगळ्यांत वडीलधारे. त्यांनी फळीकडे पाहिलं.

"काय करून राह्यला गा इस्तारी?"

"ट्रॉफी ठेवाले जागा करून राह्यलो, भाऊ."

"ठेवाले? पहिली मासोळी कोनी घरात ठेवते का?"

मोहल्ल्याची रीतच तशी. नव्या जाळ्यात लागलेली पहिली मासोळी विकायची नाही, एकट्यानं खायची नाही. घरातल्या कर्त्यानं ती घरोघरी नेऊन वाटायची. त्याशिवाय जाळं फळत नाही म्हणतात.

"हे का मासोळी होय, भाऊ? इनाम होय ते!"

"पोट्टीनं पहिल्यांदा जाळं टाकलं. त्यात हे लागलं. मंग दुसरं काय होय ते, सांग."

श्रीहरीनं तोंडातला खिळा काढला, "बरोबर आहे भाऊचं," म्हणाला आणि पिशवी आवरायला लागला. आचल ओले केस पुसत, चौकटीखालून वाकून बाहेर आली. तिला तर हसूच आवरेना.

"मोठेबाबा बरोबर म्हनून राह्यले, बाबा. वाटू ना! फक्त कापू नोका म्हंजे झालं."

सगळे हसले. इस्तारी हसला नाही. पोरीच्या मोठेपणाचा लोभ सुटला याला, असं श्रीहरीला वाटलं असेल. तसं नव्हतं. इस्तारीच्या पोटात सहा वर्षांपासून एक गोष्ट रुतून बसली होती.

तेव्हा आचल सोळा वर्षांची होती. नागपूरला निवड चाचणी होती आणि तिच्या मापाचे बूट कोणाकडे उसनेही मिळत नव्हते. त्याच आठवड्यात इस्तारीनं नवं जाळं टाकलं, तर पहिल्याच फेकीत मोठा मरळ लागला. त्यानं तो ओल्या पोत्यात गुंडाळला, सायकलला बांधला आणि थेट कुरखेड्याचा बाजार गाठला. संध्याकाळी बूट घेऊन आला. मोहल्ल्यात सांगितलं, जाळ्यात काहीच लागलं नाही. कुंताशिवाय, म्हणजे बायकोशिवाय, त्यानं कोणाला खरं सांगितलं नव्हतं. पोरीलाही नाही. आता त्याच तोंडानं पहिली मासोळी घेऊन लोकांच्या दारात कसं उभं राहायचं?

पण राहिला. पोरीनं ट्रॉफी हातात दिली तेव्हा नाही म्हणणं त्याला जमलं नाही.

पहिलं घर वारलूचं. त्याच्या बायकोनं रीतीप्रमाणे सूप पुढे केलं आणि इस्तारीनं ट्रॉफी त्यात ठेवली. वारलूनं ती उचलून अदमास घेतला. "तीन किलो भरते गा. काटे नाई ना?" दुसऱ्या घरी म्हातारी रंजीता बराच वेळ तिला उलटसुलट करत होती, शेवटी म्हणाली, "हे उघडते कुठून वो?" तिसऱ्या घरी लेकराचा पापा घ्यावा तसा ट्रॉफीचा पापा घेतला गेला. प्रत्येक घरातून आचलच्या ओढणीत मूठभर तांदूळ पडत होते; पहिली मासोळी घेऊन आलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवत नाहीत. मागे पोरांची, म्हाताऱ्याकोताऱ्यांची वरात, पुढे वारलूचा डफ. दहाव्या घराशी इस्तारीचा चेहरा सैल झाला, पंधराव्या घराशी तो स्वतःच सांगायला लागला, "पाहा पाहा, हात लावून पाहा!" एवढा आनंद त्याच्या अंगाला सवयीचा नव्हता. पण होता खरा, छाती भरून होता.

शेवटचं घर लटारूभाऊंचं. दारात त्यांची बायको सीताबाई सूप घेऊन उभी. इस्तारीनं ट्रॉफी पुढे केली आणि त्याचे हात तिथेच थांबले. डफही थांबला.

"वयनी, मले हे देता येत नाई," तो म्हणाला. "त्या साली मी पहिली मासोळी विकली. लागली होती, मरळ लागला होता. तुमाले सगळ्याईले खोटं सांगतलं."

आचल बापाकडे बघत राहिली. सीताबाईनं सूप जराही खाली केलं नाही.

"मालूम आहे ना मले. बाजारात मी तुमच्या मांगच्याच रांगेत भाजी घेऊन बसली होती."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"काय बोलू? आदल्या दिवशी कुंता रडून सांगून गेली होती, पोरीच्या पायाले बूट नाई म्हून. मोठी मासोळी पाह्यजे म्हनून एक गिऱ्हाईक इचारत आलं, तं मीच तुमच्याकडे धाडलं." तिनं मागच्या घोळक्याकडे हनुवटी केली. "मोहल्ल्यात कोनाले मालूम नाई, असं वाटते का तुमाले?"

इस्तारीनं वळून पाहिलं. वारलू डफाची दोरी घट्ट करण्यात गुंतला होता. रंजीता म्हातारी सरळ त्याच्याकडे बघून हसत होती, बोळक्या तोंडानं.

सीताबाईनं त्याच्या हातातली ट्रॉफी सुपात घेतली, कपाळाला लावली, परत दिली. मग तिनं आचलच्या ओढणीत एक मूठ तांदूळ टाकले. आणि पुन्हा हात भरून दुसरी मूठ टाकली.

"दोन काऊन, मोठीमाय?" आचलनं विचारलं.

"एक या सालची," सीताबाई म्हणाली, "आन् एक त्या सालची."