घंटेला जोडलेला प्रमाणघट

मी प्रमाणघट बोलतो आहे, आणि संतापून बोलतो आहे. कलकत्त्याच्या एका महाविद्यालयात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत, एका लाकडी पेटीत माझा मुक्काम आहे.

माझे शरीर काचेचे. दोन उभ्या नळ्या, मध्ये आडवी नळी. एकीच्या तळाशी पारा, दुसरीच्या तळाशी पारा व कॅडमियम यांचे मिश्रण, आणि वर कॅडमियम सल्फेटचे द्रावण. यांच्यातून जो विद्युत्दाब निर्माण होतो, तो एक व्होल्टहून किंचित अधिक असतो आणि वर्षानुवर्षे बदलत नाही. इतरांनी आपले दाब त्याच्याशी ताडून पाहावेत, एवढ्यासाठीच मी आहे. वीज पुरवणे हे माझे काम नव्हे.

त्या कामाला माझे भाऊबंद आहेत. खिडकीखालच्या संचायकातील शिशाच्या पट्ट्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. प्रवाह देताना त्या बदलतात, उलटा प्रवाह सोडला की पूर्ववत होतात. दारावरच्या घंटेचा घट जस्त झिजवतो आणि नवसागराच्या पाण्यावर जगतो. थकला तर थोडी विश्रांती त्याला पुरते. माझ्यातून मात्र एकदा बराच प्रवाह काढला की माझा दाब ढळतो, आणि मग माझ्या शब्दाला किंमत उरत नाही.

शकुनला हे ठाऊक होते. गार्डन रीचच्या रेल्वे वसाहतीतून येणारी ही मुलगी मला जोडणारी कळ क्षणभर दाबी, प्रवाह दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आहे का पाही, आणि लगेच सोडी. तिचा एम.एस्सी.चा प्रबंध अशा मोजमापांवर उभा होता.

१९५३च्या मार्चमध्ये महाविद्यालयात पाहुणे येणार होते आणि घंटेच्या घटातले पाणी वाळले होते. त्यात पाणी घालण्याचे कष्ट न घेता शकुनचे मार्गदर्शक विनायकराव यांनी घंटेच्या तारा मला जोडल्या. घंटा वाजली नाही; तिला पुरेल एवढा प्रवाह माझ्यातून निघत नव्हता, तरी थोडा वाहतच राहिला. "मेलेला दिसतोय," म्हणाले, आणि मला तसेच जोडलेले ठेवून पाहुण्यांना सामोरे गेले. संध्याकाळी तारा काढल्या. शकुनला सांगितले नाही.

घंटा वाजली नाही म्हणजे वीज वाहिली नाही, असे मानणारा मनुष्य पदार्थविज्ञान शिकवत होता!

त्यानंतर शकुनचे आकडे आधीच्या आकड्यांशी जुळेनात.

"हात थरथरतो तुझा," विनायकराव म्हणाले. "भरतकाम नव्हे हे. प्रबंध राहू दे यंदा. तुझ्या बाबांशी मीच बोलतो."

"बाबांचं काय काम, सर? आधी हा सेल तपासू."

"सेल विलायतेहून आलाय. तू नाही."

त्यांना ऐकू जाईल अशी वाचा मला असती, तर त्या क्षणी मी असा ओरडलो असतो की माझी काच तडकली असती.

शकुनने दुसऱ्या महाविद्यालयातून एक प्रमाणघट मागून आणला. माझे धनाग्र त्याच्या धनाग्राला जोडले, ऋणाग्रांच्या मध्ये गॅल्व्हानोमीटर. दोघांचे दाब सारखे असते, तर काटा जागचा हलला नसता. तिने कळ बसवली आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"सर, काटा बघा. आता माझे हात बघा."

काटा एका बाजूला झुकून उभा होता.

"मग सेलच खराब निघाला की!" विनायकराव हसले. "त्या पाहुण्यांच्या दिवशी घंटेला जोडला होता जरा. पण वाजली कुठे ती?"

"त्या दिवसाआधीचे माझे सगळे आकडे खरे आहेत, सर. प्रबंध यंदाच देणार."

"दे बाई, दे. आणि त्या पेटीवर लिहून ठेव, सेल खराब निघाला म्हणून."

थरथरत्या हाताबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत.

शकुनने चिठ्ठी लिहून पेटीला चिकटवली: 'हा घट घंटेला जोडला होता.' 'खराब निघाला' हे शब्द तिने लिहिले नाहीत.

वाचकहो, ही पेटी कधी तुमच्या हाती आली, तर माझ्या दाबावर विश्वास ठेवू नका. मला फेकलेत तरी चालेल. चिठ्ठी मात्र फाडू नका.