मुकादमाची झोपायची वेळ

शिर्केसाहेब एकदा सोफ्यावर बसले की बसले. यशोधराच्या सासूबाई, सरस्वतीबाई, म्हणायच्या की गुळाला चिकटलेला मुंगळासुद्धा कधीतरी हलतो.

या सगळ्याचं मूळ होतं टाकीतला मासा. त्या साली बदलापुरात फ्लॉवरहॉर्न पाळायचं खूळ आलं होतं. घरात ठेवला की भरभराट होते म्हणे. यशोधराचा नवरा राजरत्न असलं काही मानणारा नव्हता. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच शुभ-अशुभ घराबाहेर गेलं होतं. पण उल्हासनगरच्या दुकानात त्याने तो मासा पाहिला, डोक्यावरचं टेंगूळ मिरवत इकडून तिकडे फिरणारा, आणि त्याचा रुबाब बघूनच तो भाळला. कामावर देखरेख केल्यासारखा फिरतो म्हणून सरस्वतीबाईंनी त्याचं नाव मुकादम ठेवलं.

गुरुदत्त शिर्के राहायचे वरच्या मजल्यावर. अंबरनाथच्या ज्या केमिकल कंपनीत राजरत्न स्टोअरला होता, तिथेच ते अधिकारी होते. एकदा सहज मासा बघायला आले आणि मग रोजच यायला लागले. संध्याकाळी लुंगी सावरत यायचे, टाकीसमोर बसायचे आणि बॉयलर, व्हॉल्व, त्यांच्या लहानपणीची नदी असं काहीबाही बोलत राहायचे. सरस्वतीबाईंची मालिका बुडायची. भाकऱ्या गार व्हायच्या.

"अरे, जेवायची वेळ झाली असं सांग ना त्यांना," यशोधरा एकदा वैतागून म्हणाली.

"सांगितलं," राजरत्न पडेल आवाजात म्हणाला. "ते म्हणाले, तुम्ही जेवा निवांत, मी बसतो."

साहेबाला ऊठ म्हणायची त्याची छाती नव्हती. यशोधराने मात्र त्या दिवसापासून टाकीच्या झाकणाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला सुरुवात केली. झाकणात दोन ट्यूब होत्या, एक पांढरी, एक निळी. दोन्ही एकाच बटणावर. सिंधी दुकानदार म्हणाला होता, "साईं, एक बटन में दोनों लाइट, झंझट नहीं." यशोधरा मोरिवलीच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनल जोडायची. असल्या वायरी म्हणजे तिच्या रोजच्या हातातलं काम.

रविवारी तिने प्लग काढला, झाकण उलटं करून ओट्यावर ठेवलं आणि कामाला लागली. दोन्ही ट्यूबना आपापला चोक होताच. न्यूट्रल तसाच एकत्र ठेवून तिने पांढऱ्या ट्यूबची फेज वेगळी केली आणि केबलवाल्याने भिंतीला पाडलेल्या भोकातून ती वायर थेट स्वयंपाकघरात नेली. तिथे मसाल्याच्या डब्यांमागे एक बटण बसवलं.

"हे कशाला?" राजरत्नने विचारलं.

"पांढरी विझली, निळी राहिली, की मुकादमाची झोपायची वेळ झाली. मासा झोपला की घरात आवाज करायचा नाही. एवढंच म्हणायचं तू."

"माझ्या तोंडून खोटं नीट येत नाही गं."

"मासे झोपतात. यात खोटं काय आहे?"

संध्याकाळी शिर्केसाहेब आले. बॉयलरची गोष्ट ऐन रंगात आली असताना पांढरी ट्यूब विझली आणि टाकीत नुसता निळा उजेड राहिला. आयत्या वेळी राजरत्नचं वाक्यच हरवलं. सरस्वतीबाईंनी मात्र तोंडावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "झोपला मुकादम. आता आवाज झाला ना, की बिथरतो. खातसुद्धा नाही दोन दोन दिवस."

"असं होय," शिर्केसाहेब कुजबुजले. ते चवड्यांवर उठले, दाराशी जाऊन चपला हातात घेतल्या आणि तसेच अनवाणी जिना चढून गेले. स्वयंपाकघरात यशोधरा पदर तोंडात कोंबून हसत होती.

घर गरम जेवायला लागलं. पण सरस्वतीबाईंच्या हाती आयतं कोलीत आलं. राजरत्न मॅच बघत बसला की मुकादमाला झोप यायची. केबलवाला पैसे मागायला आला की मुकादम झोपायचा. एका रविवारी त्यांची नणंद गोजरबाई भरदुपारी आली, सुनेचं गाऱ्हाणं काढून बसली, आणि तिने जेमतेम पहिलंच भांडण सांगितलं तेवढ्यात टाकी निळी झाली.

ही गोजरबाई जिन्यात शिर्केसाहेबांना भेटली. "काय तो मासा बाई," ती म्हणाली, "दिवसाढवळ्या झोपतो."

शिर्केसाहेब धावतच आले, हातात औषधाची बाटली. "राजरत्न, दुपारी झोपतोय म्हणजे आजारी आहे तो. आधी का नाही सांगितलंत?"

सरस्वतीबाईंना एकाएकी खोकला आला. साहेबांनी वाकून टाकी पाहिली, मग झाकण, मग झाकणातून निघून भिंतीत शिरलेली वायर. तिच्या मागोमाग ते स्वयंपाकघरात गेले. यशोधरा भाकरी थापत होती. त्यांनी हळद-तिखटाचे डबे बाजूला केले आणि बटण दाबलं. बाहेर मुकादम झोपला. पुन्हा दाबलं. मुकादम उठला.

"वहिनी, तुम्ही केलंत हे?"

"हो," यशोधरा म्हणाली. पिठाचे हात तसेच, नजर परातीत. राजरत्नला आपली बदली थेट गुजरातच्या डेपोत झालेली दिसायला लागली.

"सफाईदार आहे," साहेब म्हणाले. मग दारातून मागे बघत आवाज खाली आणून म्हणाले, "मला पण एक करून द्या."

यशोधराने वर बघितलं.

"आमच्या हिचा भाऊ, हिंदुराव, आठ दिवसांसाठी म्हणून आला होता. गणपतीत. माझ्या खुर्चीत बसतो, रिमोट सोडत नाही. मला माझ्याच घरात जागा नाही, म्हणून तर इथे येतो."

दाराशी आलेल्या सरस्वतीबाईच म्हणाल्या, "मग आधी सांगायचंत की हो. उगाच चपला हातात धरायला लावल्या तुम्हाला."

पुढच्याच रविवारी साहेबांनी उल्हासनगरहून टाकी आणली, मासा आणला, आणि यशोधराने वर जाऊन वायरिंग करून दिलं. त्यांच्या बायकोने, वृंदावहिनींनी, बटण देवघराच्या बाजूला मागून घेतलं. संध्याकाळी हिंदुराव उठतो का ते ऐकायला खाली तिघं छताकडे कान लावून बसले. पावलांचा आवाज नाही, दार वाजलं नाही.

थोड्या वेळाने शिर्केसाहेबच खाली आले, लुंगी सावरत.

"काय झालं?" राजरत्नने विचारलं.

"हिंदुरावला निळा उजेड फार आवडला. म्हणतो, डोळ्यांना थंड वाटतं. गादी हॉलमध्येच ओढली आणि घोरायला लागला. आता ही म्हणते, आवाज करू नका, दादा झोपलाय."

ते नेहमीच्या जागी टाकीसमोर बसले. आतून भाकरीचा खमंग वास येत होता. सरस्वतीबाईंनी सुनेकडे बघितलं, सुनेने मसाल्याच्या डब्यांकडे. आता ते बटण दाबून उपयोग नव्हता.

यशोधराने फडताळातून आणखी एक ताट काढलं.